स्वभावाला औषध नसेल, पण कारण असतं

सगळ्या गटांतल्या ताया, वहिन्या, मावश्या, आत्या, हातातलं काम करता करता ऐकत असाल. निवडणं-टिपणं चालू दे, कान तेवढा इकडे द्या.

"तिचा स्वभावच तसा आहे." हे वाक्य आपण दिवसातून किती वेळा बोलतो? सून उलटून बोलली, स्वभाव. जाऊ गप्प राहिली, स्वभाव. नवऱ्याने ताट भिरकावलं, तोही स्वभाव. आणि वर शिक्कामोर्तब करायला म्हण तयारच असते, स्वभावाला औषध नाही. एकदा स्वभाव म्हटलं की पुढे विचारायचं काही उरतच नाही.

आज मी या वाक्याबद्दल बोलणार आहे, पण कुणा शेजारणीचं उदाहरण घेऊन नाही. शेजारणीबद्दल बोलायला लागलो की चहाडी होते, कुणाचं तरी मन दुखतं. म्हणून आपण कथा-कादंबरीतली माणसं घेऊ. त्यांच्याबद्दल मोकळेपणाने बोलता येतं. शिवाय एक मोठी सोय आहे. शेजारणीच्या घराचं दार आपल्याला बाहेरूनच दिसतं, कादंबरीत मात्र लेखक आपल्याला थेट चुलीपाशी नेऊन बसवतो. माणूस चारचौघांत काय बोललं आणि रात्री अंथरुणावर पडून काय विचार करत होतं, दोन्ही कळतं.

माणसांचे स्वभाव ओळखायचा नाद आपल्याला जुनाच आहे. गीतेत सत्त्व, रज, तम हे तीन गुण सांगितले आहेत. आयुर्वेदात वात, पित्त, कफ अशा प्रकृती आहेत. मानसशास्त्र या विषयातही व्यक्तिमत्त्वाचे वेगवेगळे सिद्धांत आहेत. सिद्धांत म्हटलं की घाबरायचं नाही. घरात पिठाची चाळण वेगळी असते, रव्याची वेगळी, धान्याची वेगळी. पिठाच्या चाळणीने कुणी गहू चाळत नाही. सिद्धांतही तसेच, एकातून एक दिसतं, दुसऱ्यातून दुसरं. आज तीन चाळण्या बघू.

पहिली चाळण: पाच पट्ट्या

१९३६ साली अमेरिकेत गॉर्डन ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट या दोघांनी एक चिकाटीचं काम केलं. इंग्रजी शब्दकोश घेऊन माणसाचं वर्णन करणारे सगळे शब्द वेचून काढले. जवळपास १८,००० शब्द निघाले. आपल्याकडेही अशा शब्दांना तोटा नाही. मनमिळाऊ, तिरसट, घुमी, धांदरट, नीटनेटकी, उधळी, चिकट, हळवी, खमकी. तुम्ही गटात बसून यादी करायला लागलात तर वहीचं पान पुरणार नाही.

पुढे अनेक वर्षं, अनेक संशोधकांनी अशा शब्दांची वर्गवारी केली. मिळतेजुळते शब्द एकत्र बांधत गेल्यावर पाच मोठ्या मोळ्या तयार झाल्या. आपल्या भाषेत सांगायचं तर अशा: एक, नव्याची ओढ. दोन, कामातला चोखपणा. तीन, माणसांत रमणं. चार, दुसऱ्याशी जुळवून घेणं. पाच, मनाची घालमेल, म्हणजे काळजी, भीती, राग चटकन दाटून येणं.

यात लक्षात ठेवायची गोष्ट अशी की या पाच पेट्या नाहीत, या पाच मोजपट्ट्या आहेत. अमकी चोख आणि तमकी गबाळी असे दोन ढीग करायचे नाहीत. प्रत्येक माणूस प्रत्येक पट्टीवर कुठेतरी असतो, कुणी थोडा वर, कुणी थोडा खाली.

आता ही चाळण एका कादंबरीवर धरू. प्रेमचंदांची 'गोदान' ही हिंदी कादंबरी. तीही १९३६ सालचीच. गोष्ट उत्तर भारतातल्या खेड्यातली आहे, पण कर्जाच्या फेऱ्यात सापडलेलं ते शेतकऱ्याचं घर आपल्याला परकं वाटत नाही. होरी हा लहान शेतकरी आणि धनिया त्याची बायको. दारात एक गाय असावी एवढंच होरीचं स्वप्न. उधारीवर गाय येते. पण त्याचा सख्खा भाऊ हीरा जळफळाटाने गाईला विष घालतो आणि गावातून पळून जातो. पोलिसांचा दरोगा चौकशीला येतो. भावाच्या घराची झडती झाली तर घराण्याची अब्रू जाईल, म्हणून होरी दरोग्याला लाच द्यायला कर्जाने पैसे घेतो. ज्या भावाने गाय मारली त्याच्याच घराच्या अब्रूसाठी! धनिया धावत येते आणि ते पैसे सगळ्यांसमोर उधळून लावते.

चौथी पट्टी आठवा, जुळवून घेण्याची. होरी या पट्टीवर पार वर आहे. सावकार, जमीनदार, पंच, कुणाचंच मन त्याला मोडवत नाही. धनिया याच पट्टीवर बरीच खाली. तोंडावर बोलते, हिशोब विचारते. अख्खं गाव तिला भांडखोर म्हणतं.

पण थांबा. पुढे त्यांच्या मुलाला, गोबरला, झुनिया नावाच्या विधवेपासून दिवस जातात आणि तो शहरात पळून जातो. झुनिया यांच्या दारात येऊन उभी राहते. आधी संतापलेली धनियाच तिला घरात घेते. पंचायत दंड ठोकते, रोख १०० रुपये आणि ३० मण धान्य. होरी मान खाली घालून दंड भरायला निघतो, धनिया पंचांना खडसावते की घरातली पोरं काय खाणार.

मग सांगा, धनिया भांडखोर की मायाळू? इथे चाळणीचा उपयोग दिसतो. जुळवून न घेणं म्हणजे माया नसणं नव्हे. आणि सगळ्यांशी जुळवून घेणं म्हणजे चांगुलपणाच असं नाही. होरीच्या गोड स्वभावाची किंमत घरातल्या पोटांनी मोजली. आपल्या गटातही 'कटकटी' म्हणून जिचं नाव झालेलं असतं, तीच बाई वहीतला आकडा चुकला की बोट ठेवते. आणि 'किती गरीब गाय' असं जिचं कौतुक होतं, ती न वाचता सही करून मोकळी होते.

दुसरी चाळण: कुणासमोर?

गंमत अशी की पहिल्या चाळणीतून होरी पूर्ण दिसत नाही. सगळ्यांपुढे हात जोडणारा हा माणूस धनियावर मात्र हात उगारतो. गाय मेल्यावर धनिया हीराचं नाव घेते. होरीला खरं माहीत असतं, तरी भावाला वाचवायला तो मुलाच्या डोक्यावर हात ठेवून खोटी शपथ घेतो आणि तोंड उघडणाऱ्या बायकोला मारतो.

मग याचा स्वभाव कोणता धरायचा, नरम की तापट?

वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६८ सालच्या आपल्या पुस्तकात हाच प्रश्न लावून धरला. त्याचं म्हणणं असं की माणूस सगळ्या ठिकाणी सारखाच वागेल असं आपण गृहीत धरतो, पण तसं फारसं घडत नाही. प्रसंग बदलला की वागणं बदलतं. मात्र हे बदलणंही वाऱ्यावर नसतं, त्यालाही एक नमुना असतो. त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पुढे याला 'जर-तर'चा नमुना म्हटलं. जर समोर अमुक असेल, तर हा माणूस तमुक करतो.

होरीचा जर-तर मांडून बघा. जर समोर दरोगा, सावकार किंवा पंच असतील, तर हात जोडणं. जर समोर बायको असेल, तर हात उचलणं. म्हणजे त्याला राग आवरत नाही, हे खरं नाही. सत्तेपुढे तो व्यवस्थित आवरतो. तो कुठे सोडायचा ते त्याला पक्कं ठाऊक आहे.

मैत्रिणींनो, या एका मुद्द्यासाठी मी आजचा विषय घेतला म्हटलं तरी चालेल. "त्याचा स्वभावच तापट आहे, मनाने वाईट नाही," असं म्हणत आपल्यातल्या कितीतरी जणी वर्षानुवर्षं मार खातात. अशा वेळी होरीला लावलेला प्रश्न घरातल्या माणसालाही लावून बघा. हा साहेबापुढे ओरडतो का? ज्याच्याकडून उसने घेतले त्याच्यावर हात टाकतो का? नसेल, तर तो स्वभाव नव्हे, ती निवड आहे. पाच पट्ट्यांपैकी कोणत्याच पट्टीवर 'बायकोला मारणं' लिहिलेलं नाही. प्रेमचंदांनी होरीच्या परिस्थितीची सगळी कारणं आपल्यापुढे ठेवली, आपल्याला त्याची कीवही येते. तरीही धनियाच्या अंगावरचा मार खराच राहतो. कारण कळणं म्हणजे माफ करणं नाही. आपल्याकडे २००५ सालचा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा आहे आणि १८१ ही महिलांसाठीची हेल्पलाइन आहे. हा क्रमांक गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता हीच चाळण अगदी वेगळ्या माणसाला लावू. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'ला. १९३५ साली आलेलं हे पुस्तक, ४२ रात्रींची गोष्ट. आचार्य अत्र्यांचा १९५३ सालचा सिनेमाही बऱ्याच जणींनी बघितला असेल. श्यामची आई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर प्रेमळ, सोशिक माउली उभी राहते. पण पुस्तक पुन्हा उघडून बघा. श्याम पोहायला जायला घाबरतो, तेव्हा हीच आई त्याला मारून विहिरीकडे पाठवते आणि नंतर तिचाच जीव कळवळतो. एकदा भाजीत मीठ घालायचं राहतं. घरातले सगळे मुकाट्याने अळणी भाजी खातात. स्वतः जेवायला बसल्यावर तिला ते कळतं आणि ती हळहळते. आणि कर्जाच्या वसुलीला आलेला माणूस दारात बसून वेडंवाकडं बोलतो, तेव्हा ही सोशिक बाई गप्प बसत नाही, त्याला ठणकावते.

एकाच बाईची ही तीन रूपं आहेत. जर लेकरू भित्रं राहील अशी धास्ती असेल, तर कठोर. जर आपल्या हातून चूक झाली असेल, तर हळवी. जर अब्रूला हात घातला, तर वाघीण. 'सोशिक' हा एकच शब्द तिला पुरत नाही. आपल्यापैकी कुणाला तरी पुरतो का?

इथे आणखी एक विचारायचं असतं: ही गोष्ट सांगतंय कोण? श्याम सांगतोय. म्हणजे आई आपल्याला लेकाच्या डोळ्यांनी दिसते. तिने स्वतःच्या तोंडाने सांगितली असती तर काय काय आलं असतं? कर्जाचा हिशोब तिने कसा मांडला असता? आपल्या गटांत एकदा यावर बोलून बघा. कादंबरीत जे लिहिलेलं नाही ते छातीठोकपणे सांगायचं नाही, पण प्रश्न मात्र जरूर विचारायचा.

तिसरी चाळण: कोणत्या वळणावर?

एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने १९५० साली सांगितलं की माणूस आयुष्यभर घडत राहतो. त्याने जन्मापासून म्हातारपणापर्यंत आठ टप्पे कल्पिले. प्रत्येक टप्प्यावर आयुष्य एक नवा प्रश्न घालतं. तान्ह्या बाळापुढचा प्रश्न असा की या जगावर विश्वास ठेवू का? वयात येणाऱ्या मुलीपुढे, मी आहे तरी कोण? मधल्या वयात, माझ्या हातून पुढच्या पिढीसाठी काही होतंय का, की मी एकाच जागी अडकले? आणि शेवटच्या टप्प्यावर, मागे वळून बघताना समाधान वाटतं की हळहळ?

कुसुमाग्रजांचं 'नटसम्राट' नाटक घ्या. १९७० साली ते रंगभूमीवर आलं, डॉ. श्रीराम लागूंनी ते गाजवलं. २०१६ साली नाना पाटेकरांच्या सिनेमामुळे ते गावोगाव पोचलं. गणपतराव बेलवलकर हे मोठे नट. निवृत्त होताना होतं नव्हतं ते मुलगा आणि मुलीत वाटून टाकतात. मग आधी मुलाच्या घरी, मग मुलीच्या घरी त्यांची परवड होते. मुलीच्या घरी तर चोरीचा आळ येतो. ते आणि त्यांची पत्नी कावेरी घराबाहेर पडतात. कावेरीही वाटेतच साथ सोडते.

हे बघताना आपण रडतो आणि मुलांना शिव्या देतो. पण एरिक्सनची चाळण धरली की आणखी काही दिसतं. गणपतरावांचं सगळं 'मी'पण रंगमंचावर उभं होतं. तिथे ते राजे होते. रंगमंच सुटला, पण आतला राजा पायउतार झाला नाही. मुलाच्या बैठकीच्या खोलीतही ते नटसम्राटच राहिले. शेवटच्या टप्प्यावरचा प्रश्न त्यांच्यापुढे उभा आहे, आणि उत्तर ते मुलांच्या डोळ्यांत शोधतात. ते तिथे मिळत नाही.

आता त्यांची मुलगी आणि सून बघा. त्या मधल्या टप्प्यावर आहेत. एकीकडे वाढतं लेकरू, दुसरीकडे संसार, घरातली शिस्त, चार लोक काय म्हणतील याची धास्ती, आणि त्यात मोठ्या आवाजाचे, मोठ्या मनाचे, कुणाचं न ऐकणारे वडीलधारे. चोरीचा आळ घेणं चूकच, त्याचं समर्थन नाही. पण ऐकणाऱ्यांपैकी निम्म्या जणी सुना आहेत आणि निम्म्या जणी सासवा, काही जणी तर एकाच वेळी दोन्ही. नाटक बघताना आपण कुणाच्या बाजूने रडतो, यावरून आपण कोणत्या वळणावर उभ्या आहोत ते कळतं.

या चाळणीतून निघणारी व्यवहाराची गोष्ट लहान आहे, पण कामाची आहे. सासू साठीनंतर तेच तेच जुने दिवस पुन्हा सांगायला लागली की आपण म्हणतो, डोकं खाते. तिच्यापुढे शेवटच्या टप्प्याचा प्रश्न असतो. मी जे केलं ते कुणाच्या लेखी आहे का, हे ती विचारत असते. पाच मिनिटं ऐकून घेतलं तर त्या प्रश्नाला थोडं उत्तर मिळतं.

चाळणीची मर्यादा

या चाळण्या हातात आल्या की एक धोका असतो. लगेच ज्याला त्याला चाळायचा मोह होतो. अमकी चौथ्या पट्टीवर खाली, तमका अमुक टप्प्यावर अडकलेला. तसं करू नका. हे सिद्धांत परदेशात, तिथल्या माणसांकडे बघून तयार झाले. आपल्या एकत्र कुटुंबाला, आपल्या जातीपातीला, बाईच्या वाट्याला येणाऱ्या बंधनांना ते जसेच्या तसे बसतीलच असं नाही. जुळवून घेणं ही बाईची प्रकृती की लहानपणापासूनची शिकवण, हे पट्टी सांगत नाही. आणि मनाचा खरा आजार असेल, झोप उडाली असेल, जीव नकोसा झाला असेल, तर तिथे कादंबरी नव्हे, डॉक्टर लागतो.

मग स्वभावाला औषध नाही, या म्हणीचं काय? ती अर्धी खरी आहे. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांतून दिसतं की माणसामाणसांतल्या स्वभावाच्या फरकाचा साधारण अर्धा भाग जन्मतः येतो. पण उरलेला अर्धा येत नाही! शिवाय वय वाढेल तसा सर्वसाधारणपणे माणूस थोडा चोख, थोडा समजूतदार, थोडा शांत होत जातो, असंही अभ्यास सांगतात. म्हणजे स्वभाव दगडावरची रेघ नाही. शेतातल्या पायवाटेसारखा आहे. वाट जुनी असते, पण चालणाऱ्याने ठरवलं तर हळूहळू दुसरी पडते.

म्हणून तुम्हाला एक काम देते. पुढच्या महिन्याच्या बैठकीत हप्ते जमा झाले, वहीत सह्या झाल्या की अर्धा तास राखून ठेवा. एकीने एखादी गोष्ट मोठ्याने वाचावी, कोणतीही चालेल, शाळेतल्या मुलांच्या पुस्तकातला धडासुद्धा चालेल. जिला वाचता येत नाही तिने ऐकावं, तिचं मत बरेचदा सगळ्यांत नेमकं निघतं. मग त्यातलं एक माणूस निवडा आणि चार प्रश्न विचारा. एक, या माणसाने नेमकं काय केलं? कसं आहे ते नको, केलं काय ते सांगा. दोन, तेव्हा समोर कोण होतं आणि पैसा, सत्ता कुणाच्या हातात होती? तीन, ते माणूस आयुष्याच्या कोणत्या वळणावर होतं? चार, त्याला हवं काय होतं आणि भीती कशाची होती?

आणि एक नियम पाळा. या अर्ध्या तासात 'स्वभावच तसा' हे शब्द कुणी उच्चारायचे नाहीत. जी उच्चारेल तिने पुढच्या बैठकीला सगळ्यांना चहा पाजायचा.

हे चार प्रश्न तोंडवळणी पडले की ते आपोआप गटाच्या कामातही येतील. एखादीचा हप्ता दोन महिने थकला की "ती चुकारच आहे" म्हणण्याआधी कुणीतरी विचारेल, कधीपासून थकला, तिच्या हातात पैसे कुणी राहू देतं का, ती घाबरते कशाला? हप्ता तर तिला भरायचाच आहे. पण धनियासारखी एखादी तिच्या बाजूला उभी राहिली, तर तो भरायची वाट सापडते.

कोणती गोष्ट वाचली आणि काय बोलणं झालं ते आम्हाला नक्की कळवा. पुढच्या वेळी तुमच्या गटांतलं बोलणंच इथे ऐकवू. तोवर नमस्कार.